वर्गातली शेवटची दहा मिनिटं
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला मुलांच्या शिक्षणावर बोलायला सांगितलं आहे. विषय एवढा मोठा की रात्र पुरायची नाही, आणि यानंतर भोजनदान आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलतो. मुलांनी चार-पाच जणांच्या गटात बसून, आज आपण काय शिकलो याचा हिशेब आपणच घ्यायचा. रोज घ्यायचा. एवढीच ती गोष्ट.

आपल्या घरी संध्याकाळी काय होते ते बघा. आई निंदणावरून नाहीतर धुण्याभांड्यावरून थकून येते. बाप हातपाय धुतो आणि विचारतो, "अभ्यास केला काय रे?" पोरगं म्हणते, "हाव, केला." झालं! केला म्हणजे काय केला, जे केलं ते बरोबर आहे की नाही, हे पाहणारं घरात कोणी नसते. ज्याची आई शिक्षिका आहे, काका इंजिनिअर आहे, त्याची चूक ताटावर बसल्या बसल्या पकडल्या जाते. वरून त्याला शिकवणी असते. आपल्या पोराची चूक मात्र थेट परीक्षेच्या पेपरात उघडी पडते, आणि तोवर वर्ष गेलेलं असते. म्हणून मी म्हणतो, आपली चूक आपण ओळखणं ही विद्या त्या घरच्या मुलापेक्षा आपल्या मुलाला जास्त लागते. शिकवणीची फी आपण कुठवर भरणार?

आता ही विद्या एकट्यानं येत नाही. लहान मूल स्वतःला प्रश्न विचारायला शिकते ते आधी दुसऱ्यानं विचारलेला प्रश्न ऐकून. सोबत्यानं दहा वेळा विचारलं, "हे कसं आलं?" की अकराव्या वेळी ते स्वतःच स्वतःला विचारते. म्हणून गट पाहिजे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा तिथं जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ त्यांचे प्राध्यापक होते. 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी या गुरूचं ऋण मोकळेपणानं मान्य केलेलं आहे. विचार कसा होतो यावर ड्युईंचं पुस्तक 1910 सालीच आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस विचार करायला लागतो तो कुठंतरी अडल्यावर. अडलं नाही तर विचारही नाही. आणि आमच्या शाळांमध्ये तर अडणं हाच गुन्हा! अडलं म्हणणाऱ्याला वर्ग हसतो, म्हणून पोरगं गप्प बसते आणि गाइडातलं उतरवून मोकळं होते.

ड्युईंच्या कितीतरी आधी तथागतांनी राहुलाला हेच शिकवलं. मज्झिम निकायात तो प्रसंग आहे. आरसा कशासाठी असतो, असं त्यांनी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, पाहण्यासाठी. मग त्यांनी सांगितलं की कोणतंही काम करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावरही असंच निरखून पाहत जा. राहुलाला दिलेला हा उपदेश सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला की बैराटच्या शिलालेखात त्यानं तो ऐकण्या-चिंतण्याची शिफारस कोरून ठेवली. भिक्खुसंघात तर याची पद्धतच आहे. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला प्रवारणा होते. भिक्खू संघापुढं हात जोडून स्वतः विनंती करतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंकाही आली असेल, तर मला सांगा. इथं एक बारकावा ध्यानात घ्या. दुसरे येऊन त्याच्यावर बोट ठेवत नाहीत, तो स्वतः मागतो. चुगली आणि प्रवारणा यांत एवढंच अंतर आहे, पण ते फार मोठं आहे. वर्गातला गट चालवताना हे विसरलं तर त्या दहा मिनिटांची कोर्टकचेरी होते, आणि दुसऱ्या दिवशी दोन पोरं शाळेत येत नाहीत.

आपल्याजवळचंच आणखी एक उदाहरण सांगतो. नाव काढलं की काही मंडळींच्या कपाळावर आठी पडेल, पडू द्या. चांदूरहून गाडीनं वर्धेकडं निघालं की तासा-दीड तासात सेवाग्राम येते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमल्या गेली आणि नई तालीम उभी राहिली. पोरांना टकळी-चरख्याला बसवून पुन्हा हातकामालाच जुंपणार काय, ही शंका आपल्या लोकांनी घेणं रास्तच होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सक्तीनं हातकाम केलं त्यांना पुस्तक आधी पाहिजे होतं. माझंही मत तेच आहे. पण त्या शाळेत मुलांची आमसभा भरत असे. मुलं आपले मंत्री निवडत, आणि त्या मंत्र्यांना आपल्या कामाचा अहवाल सगळ्यांपुढं मांडावा लागत असे. 2005 पासून तिथं आनंद निकेतन ही शाळा नव्यानं सुरू आहे. आपण चरखा तिथंच ठेवू, आमसभा मात्र घेऊन येऊ.

आता हे करायचं कसं? शेवटच्या तासाची शेवटची दहा मिनिटं. पाच-पाच मुलांचे गट, हुशार-कच्चे मिसळून, मुली-मुलं मिसळून. गटाची एक वही. प्रश्न तीन: आज काय समजलं? कुठं अडलं? उद्या त्यासाठी काय करणार? गुरुजींनी या दहा मिनिटांत फिरायचं, ऐकायचं, बोलायचं नाही. (आम्हा मास्तर लोकांना हेच सर्वांत जड जाते!)

आणि 'समजलं' हे नुसतं तोंडानं चालणार नाही, करून दाखवायचं. एक गणित घ्या. 612 ला 6 नं भागा. चौथी-पाचवीची कितीतरी मुलं उत्तर 12 लिहितात. मधला शून्य गळतो. गुरुजी लाल रेघ मारून पुढं जातात, पोरगं खोडून 102 लिहिते आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करते. माझ्या वर्गात अशाच एका मुलाला गटातली पोरगी म्हणाली, "बाराला सहानं गुणून पाय बरं." त्यानं गुणलं, 72 आले. वहीकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "मंग बाकीचे गेले कुठी?" त्या दिवशी गटाच्या वहीत त्यानं लिहिलं की मले मधात शून्य कवा द्याव ते समजत नाई. माझ्या दृष्टीनं हे वाक्य शंभरपैकी शंभर गुणांचं आहे. कारण 'मले गणित येत नाई' म्हणणाऱ्याला कोणीच मदत करू शकत नाही, पण या मुलाला काय पाहिजे ते त्याला स्वतःलाच कळलेलं होतं. खाली त्यानं उद्याचं कामही लिहिलं, 824 भागिले 8 आणि 535 भागिले 5. ही गणितं मी दिली नव्हती, त्यानंच शोधली. यालाच स्वयंअध्ययन म्हणतात. ते काही मोठं शास्त्र नाही.

वही कोण लिहिते याकडं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. बालपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, हे आपण दरवर्षी सांगतो. आज गोणपाट नाही. पण गटात झाडू कोणाच्या हाती जातो आणि पेन कोणाच्या हाती, हे पाहिलं की पुष्कळ काही दिसते. मुलगी झाडते, गरिबाचं पोरगं पाणी आणते आणि सरपंचाचा मुलगा अहवाल वाचतो, असा गट काय कामाचा? म्हणून लिहिणारा रोज बदलायचा आणि गट महिन्याला बदलायचे.

कोणी म्हणेल, हे पुण्या-मुंबईच्या शाळांचं आहे. नाही बाप्पा. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथं साधी जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथली मुलं एकमेकांना विषयमित्र म्हणून शिकवतात. 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार त्या शाळेला मिळाला. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचं काम पाहायला तर महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा आपल्या भागातल्या शाळांना ही रीत उलट जास्त सोयीची आहे. गुरुजी एका वर्गावर असताना दुसरा वर्ग रिकामा बसत नाही.

अभ्यासक्रम मागं पडेल, हा आक्षेप मी शिक्षकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला. पहिल्या महिन्यात थोडा पडतो, खोटं कशाला बोलू. मुलं आधी नुसतं "सगळं समजलं" लिहितात. कोणी शेजाऱ्याचं उतरवते. आठ-पंधरा दिवस असंच जाते. त्यानंतर कोणीतरी एक जण खरं लिहिते, आणि त्याला कोणी हसलं नाही की बाकीचेही लिहू लागतात. त्याला कोणी हसू नये, एवढं सांभाळणं हेच त्या दिवसांत गुरुजींचं खरं काम.

पालकांना माझी दोन कामं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला पाहिजेत. आपल्या किती मायबहिणी त्या बैठकीत तोंड उघडतात? पुढच्या बैठकीला जा आणि या दहा मिनिटांची मागणी करा. दुसरं म्हणजे घरी "अभ्यास केला काय" हे विचारणं बंद करा. "आज कुठं अडलं?" असं विचारा. उत्तर तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. न शिकलेली मायसुद्धा हा प्रश्न विचारू शकते, आणि पोराला तिला समजावून सांगावं लागते, त्यातच त्याचा अर्धा अभ्यास होतो.

विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन करतो. मोठी माणसं ऐकतात, पोरं भिंतीला टेकून पेंगतात. यंदा वाचन झालं की पोरांचे गट पाडून हेच तीन प्रश्न त्यांना द्या. आणि शाळेच्या अभ्यासासाठी तर वर्षावासाची वाट पाहायचीही गरज नाही. समितीनं खोली द्यायचं कबूल केलं आहे. येत्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता चौथी ते आठवीच्या मुलांनी यावं. दोघा-तिघा कॉलेजच्या पोरांनीही सोबत बसावं, पण शिकवायला म्हणून नव्हे, ऐकायला म्हणून. गटामागं एक शंभर पानी वही लागेल. पहिल्या पाच वह्या मी आणतो, पुढच्या तुम्ही बघा.

जय भीम. नमो बुद्धाय.