सीआरपी नॉर्मल, तरी न्यूमोनिया?

रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसला की घरात धावपळ सुरू होते. पण हे प्रोटीन येतं कुठून? यकृतातून. आणि यकृताला ते बनवायचा निरोप देणारं मुख्य प्रोटीन म्हणजे इंटरल्यूकिन-६. आम्हा डेव्हलपर लोकांच्या भाषेत, एक इव्हेंट आणि अनेक लिसनर. कारण हाच निरोप जाग्या झालेल्या बी पेशींनाही पोचतो: प्लाझ्मा पेशी व्हा, अँटीबॉडी सोडा. १९८६ मध्ये जपानमध्ये हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटाने याचा जीन वेगळा केला, तो बी पेशींना चेतवणारा घटक म्हणूनच. यकृताचं नातं नंतर उलगडलं.

आता खरी गोम. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये हा निरोप थांबतच नाही. म्हणून काहींना टोसिलिझुमॅब देऊन त्याचा रिसेप्टर अडवतात. सूज उतरते, सीआरपी घसरतो. छानच! पण मग न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतो, तापही नीट चढेलच असं नाही. अलार्मची वायरच काढलेली असते ना. तुमच्या घरी कोणी हे इंजेक्शन घेत असेल, तर खोकला किंवा धाप लागल्यावर डॉक्टरांना औषधाचं नाव आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.