'तिकडे' बरं चाललंय ना?

(लग्नाच्या वयाच्या मुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी घेतलेल्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे. ज्या बायकांचे अनुभव आले आहेत त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



आमच्या सल्ला केंद्रात शनिवारी दुपारी एक वेगळीच मंडळी येतात. आई-वडील जोडीने येतात. मार खाल्लेली, हाकलून दिलेली बाई दारातून आत येते तेव्हा तिची चाल वेगळी असते. यांची तशी नसते. हे खुर्चीवर नीट बसतात, पाणी घेतात आणि म्हणतात, "ताई, तक्रार काही नाही हो. फक्त विचारायचं होतं. मुलीला तिकडचं स्थळ आलंय. द्यावी का?"

'तिकडचं' म्हणजे बहुतेक वेळा अमेरिका. कधी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हल्ली जर्मनीही. मुलाला पगार किती डॉलर ते पाठ असतं. घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, सगळी माहिती काढलेली असते. पत्रिका दोन-दोन गुरुजींना दाखवलेली असते. मी विचारते, "मुलाचा व्हिसा कोणता? आणि तुमच्या मुलीला कोणता मिळणार?" तेव्हा वडील आईकडे बघतात आणि आई वडिलांकडे.

मी हा प्रश्न विचारते कारण तो मला माझ्या लग्नात कुणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, पाच वर्षं याच कामात असलेली, दुसऱ्या मुलींना 'आपल्या पायावर उभी राहा' म्हणून सांगणारी! २०१६ साली नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेले तेव्हा माझ्या पासपोर्टवर एच-४ असा शिक्का होता. त्याचा अर्थ मला विमानात बसेपर्यंत फक्त 'बायकोचा व्हिसा' एवढाच माहीत होता.

नवरा एच-१बी वर कामाला जातो, म्हणजे कंपनीने त्याला बोलावलेलं असतं. बायको एच-४ वर जाते, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून. तिकडचा शब्दच 'डिपेंडंट' असा आहे. तिला नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एक सवलत सुरू झाली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची कंपनीने केलेली मागणी मंजूर झालेली असेल, किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळेच त्याला सहा वर्षांपुढची मुदत मिळालेली असेल, तर बायकोला कामाची परवानगी मागता येते. माझ्या नवऱ्याची फाईल अजून सुरूच झाली नव्हती. मला पगाराचं काम करायला बंदी होती, आणि कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नसला की तिथे प्रत्येक खिडकीवर तुम्ही कोण, हे आधी नवऱ्याच्या नावावरून सांगावं लागतं.

आता मी तिथल्या सुखाबद्दल बोलते, कारण ते नाही सांगितलं तर मी खोटं बोलले असं होईल. रात्री साडेनऊला मी एकटी चालत ग्रंथालयातून घरी येत असे. मागे कुणी येतंय का, हे न बघता चालण्याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. ते ग्रंथालय फुकट होतं. नवरा भांडी घासत असे, कपडे धुवायच्या खोलीत टोपली घेऊन जात असे. त्या तीन वर्षांत त्याने जेवढी भांडी घासली तेवढी इथे आल्यापासून घासलेली नाहीत. तिथे बघायला सासूबाई नव्हत्या, हे त्याचं एक कारण आहेच. सण कसा करायचा, उपास धरायचा की नाही, कुणाला जेवायला बोलवायचं, हे सगळं आम्ही दोघं ठरवत होतो. माझ्या तिथल्या बऱ्याच मैत्रिणी ह्याच गोष्टीसाठी परत यायला तयार नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. आपल्या घरांनी त्यांना जे दिलं नाही ते त्यांना तिथे मिळालं.

पण पैसे मागायला लागायचे. माझा नवरा चांगला माणूस आहे, त्याने कधी नाही म्हटलं नाही. खातं दोघांच्या नावावर होतं. तरी महिन्याच्या शेवटी कार्डाचं बिल बघताना तो सहज विचारायचा, "हे अठरा डॉलर कसले?" सहजच. मी उत्तर द्यायचे आणि रात्री झोप यायची नाही. पगार घेणारी बाई 'कसले?' या प्रश्नाला हसून उत्तर देते. पगार नसलेली बाई हिशेब देते. पाच वर्षं ज्या बायका माझ्यासमोर बसून भाजीतून वाचवलेल्या पैशांबद्दल बोलायच्या, त्या मला तिथे समजल्या. आईचा रविवारी फोन यायचा. "बरं चाललंय ना?" मी म्हणायचे, "मस्त." तीन वर्षं दर रविवारी मी आईशी खोटं बोलले, आणि आता माझ्यासमोर आई-वडील येऊन 'ती फोनवर सांगते मजेत आहे' म्हणतात तेव्हा मी गप्प बसते.

आपल्या बायकांनी समुद्र ओलांडणं काही नवं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही झाली नव्हती. त्यांचा पदवीदान समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या, देशभर हिंडल्या आणि तिथल्या लोकांवर, बायकांच्या संघटनांवर मराठीत पुस्तक लिहिलं. ते १८८९ मध्ये निघालं. त्या दोघींनी सोसलेल्या हालांची आपल्याला कल्पना करता येणार नाही. पण एक शिकायला गेली होती, दुसरी स्वतःच्या कामासाठी. आपण मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांनी इंजिनियर झालेल्या, आर्किटेक्ट झालेल्या मुलींना 'डिपेंडंट' करून पाठवतो आणि पेढे वाटतो.

ग्रीन कार्ड मिळालं की सगळं सुरळीत होईल, असं सांगतात. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि एका देशाला त्यातली ७ टक्के असा नियम आहे. आपल्याकडून जाणारे इतके, की रांग दशकांची झाली आहे. इकडे जन्मलेलं, आईच्या कडेवर गेलेलं मूल रांगेतच २१ वर्षांचं होतं आणि आई-बापांच्या फाईलमधून बाहेर पडतं. आणि ही सगळी इमारत एका सहीवर उभी असते. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर भरायचा हुकूम निघाला. तो शनिवार माझ्या लक्षात आहे. सुट्टीवर आलेल्या एका मैत्रिणीने बाळाच्या बारशाचा स्वयंपाक अर्धा टाकून बॅगा भरल्या. नंतर कळलं की तो हुकूम जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही. तोवर विमानाची तिकिटं काढून झाली होती.

आता ज्यासाठी केंद्रात आम्ही बसतो, त्याबद्दल. मारहाण तिथेही होते. न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई बायकांची संघटना १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ पासून. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांमधल्या बायकांसाठी त्या उभ्या राहाव्या लागल्या, एवढं ध्यानात ठेवा. नवरा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर छळ झालेल्या बायकोला त्याच्या मदतीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो, हा १९९४ चा कायदा. नवरा एच-१बी वाला असेल तर ही वाट तिला नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी 'यू' नावाचा एक व्हिसा आहे, पण वर्षाला १०,००० च, आणि पोलिसांचा कागद लागतो. घटस्फोट झाला की तिचा एच-४ त्याबरोबर संपतो. त्यामुळे नवऱ्याला फार काही करावं लागत नाही. "व्हिसा रद्द करीन" एवढं वाक्य पुरतं.

आमच्याकडे आलेली एक मुलगी, तिला आपण सुमन म्हणू. सातारा भागातली, शिक्षिका. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवऱ्याने दिराच्या लग्नाला म्हणून इकडे आणलं, परतीचं तिकीटही दाखवलं. लग्न झालं, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो आणि तिचा पासपोर्ट दोन्ही नाहीत. सासू म्हणाली, तुझ्या वडिलांकडे जा, तो बोलावील. पाच महिन्यांनी तिथल्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली, इंग्रजीत, उत्तराला थोडे दिवस. वडिलांनी ती घडी करून कपाटात ठेवली. त्यांना वाटलं, तिकडचं कोर्ट, आपल्याला काय लागू.

हे नीट ऐका, पालकांनी विशेषतः. नोटीस आली की दोन चुका होतात. एक, कपाटात ठेवणं. दुसरी, घाबरून, कुणाला न विचारता सही करून उत्तर पाठवणं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात सांगितलं आहे, की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावर, बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना दिलेला परदेशी घटस्फोट इथे ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे तुम्ही काय लिहून पाठवता, यावर पुष्कळ ठरतं. नोटीस घेऊन त्याच आठवड्यात इथल्या वकिलाकडे जायचं. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथे तक्रार करायची. सुमनचं प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा तिकडचा निकाल लागून गेला होता. इथे तो मान्य होत नाही हे खरं, पण नवरा तिथे आहे, पगार तिथे आहे. पोटगीचा हुकूम आपण मिळवला, त्याची वसुली मात्र अजून चालूच आहे. अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. २०२४ मध्ये विधी आयोगाने स्वतंत्र सर्वंकष कायदा करा म्हणून शिफारस केली. बायका तोपर्यंत आमच्याकडे येतातच आहेत.

दुसरी एक बाई तुम्हाला सांगायची आहे, कारण ती माझं ऐकत नाही. गोवंडीची, आठवी शिकलेली, चार घरची कामं करणारी. मस्कतला घरकामाला गेली. दहावी न झालेल्यांना आखातात जायला सरकारी परवानगी लागते, तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी ती मिळत नाही. ही चौतिशीची होती, तरी एजंटने भेटीच्या व्हिसावर पाठवली, म्हणजे कुठेच नोंद नाही. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. सकाळी पाच ते रात्री बारा. दोन वर्षं मुलं आजीकडे. मी तिच्यापुढे बेकायदा एजंटांविषयी अर्धा तास बोलले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "ताई, नवऱ्याचं कर्ज फिटलं, खोलीवर पत्रा गेला आन स्लॅब आला, आन् दोन वर्षं त्याचा हात अंगावर पडला नाही. कागद सरळ करून द्या, मी परत जाती." आम्ही कागद सरळ करायच्या मागे लागलो. तिला परदेश वाईट म्हणून पटवणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे मुद्दाही नव्हता. ती कमवायला गेली होती. मी तिच्यापेक्षा शंभर पटीने सुखात राहिले, पण दोन वर्षांत तिने स्वतःच्या हाताने जेवढं पाठवलं, तेवढं मी तीन वर्षांत पाहिलं नाही.

आम्ही २०१९ मध्ये परत आलो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, तेवढं निमित्त झालं. सोसायटीत लोकांनी विचारलं, "नोकरी गेली का हो त्यांची?" मी ज्यांना शिकवलं होतं त्या मुली आता माझ्या वरच्या जागी होत्या, मी खालून सुरुवात केली. पहिला पगार अठरा हजार. तो मी बँकेतून रोख काढून मोजला, वेड्यासारखा. आणि हेही सांगते, आमच्याकडे अजून भांडण झालं की "तुझ्यामुळे परत आलो" हे वाक्य निघतं. त्याच्या बरोबरीचे तिथे घरं घेऊन बसले आहेत. उन्हाळ्यात सिग्नलला दुचाकीवर धूर खात उभी असते तेव्हा मलाही ते ग्रंथालय आठवतं.

तेव्हा मुलींनो, स्थळ आलं तर नाही म्हणा असं मी सांगणार नाही. मुलाशी एकटीने बोला आणि विचारा: माझा व्हिसा कोणता, त्यावर मला काय करता येईल, तुझी ग्रीन कार्डाची फाईल कुठवर आली, नोकरी गेली तर आपल्याकडे किती दिवस असतात. कंपनीचा कागद बघायला मागा. राग येणारा मुलगा असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. लग्न इथे नोंदवा, दाखला स्वतःकडे. पासपोर्टच्या, व्हिसाच्या प्रती आईकडे ठेवा. गाडी चालवायला इथून शिकून जा, तिथे तिच्याशिवाय बाई घरातच बसते. स्वतःच्या नावावर इथे खातं असू द्या आणि त्यात परतीच्या तिकिटाचे पैसे. हे पैसे वडिलांनी द्यावेत, हुंड्यातून वाचलेच आहेत म्हणून समजा! जमलं तर शिकायला जा, नोकरीला जा, स्वतःच्या नावाने अर्ज करून जा. वेळ लागेल, वय वाढेल, नातेवाईक बोलतील.

आणि पालकांनो, डॉलरला रुपयांनी गुणता तसं तिथल्या भाड्याला, पाळणाघराला आणि आजारपणाच्या विम्यालाही गुणा. रविवारी फोनवर 'बरं चाललंय ना' विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं. 'या आठवड्यात घराबाहेर कुठे गेलीस, कुणाबरोबर, तुझ्याकडे पैसे किती आहेत' असं विचारा. आणि काही झालं तर परत ये, खोली तुझीच आहे, हे आत्ताच, लग्नाआधी, मोठ्याने सांगा.

माझी वेळ संपली. आता प्रश्न घेऊ. मघापासून पुढच्या रांगेतले दोन-तीन काका हात वर करताहेत, पण त्यांनी जरा थांबावं. मागे खांबाजवळ बसलेल्या मुलींनी आधी विचारायचं आहे. माईक मागे द्या.