हरीण सरकारचे, पीक कोणाचे?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाबद्दल सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. मला बोलायचे आहे ते काट्यावर चढायच्या आधीच संपणाऱ्या मालाबद्दल. हरभरा उगवून वर आला की हरणांचा कळप शेंडे खुडून जातो. तुरीत रोही बसतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. भुईमूग रानडुकरे उकरतात. मग घरचा कर्ता माणूस रात्रभर जागलीला, आणि दिवसा पुन्हा कामाला. त्या जागरणाची मजुरी, बॅटरीचा आणि झटका मशीनचा खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो?

यावर तालुक्याला गेले की एकच उत्तर मिळते: "कायदा आहे, आम्ही काय करणार?" म्हणून आज तो कायदाच उघडून पाहू.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. शिकारीने रानातली जनावरे संपत चालली होती, त्यांना वाचवायला तो झाला. त्याबद्दल आपली तक्रार नाही. हरणाचे पाडस दिसले तर त्याला पाणी पाजणारी माणसे आपलीच. तक्रार आहे ती हिशेबाबद्दल.

या कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचा उल्लेख आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. अनुसूची दोनमधले जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकालासुद्धा, धोकादायक झाले अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे देऊन ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर या अनुसूचीत आहेत. म्हणजे दार आहे, पण त्याची किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात. अर्ज केल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचे, याची मुदत त्या कलमात नाही. पिकाला मात्र मुदत असते.

काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या बाबतीत पिकाचे नुकसान हे परवानगीचे कारणच होत नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. पण कळपाला अभयारण्याची हद्द कोण दाखवणार? तो चरायला येतो आपल्या शेतात.

आता कलम ३९ ऐका. कलम ११ खाली परवानगीने मारलेले किंवा मेलेले सापडलेले जनावर सरकारच्या मालकीचे. जिवंतपणी ते शेत खाते तेव्हा मालक पुढे येत नाही. मेल्यावर मात्र मालक हजर. आपली गाय शेजाऱ्याच्या शेतात शिरली तर तो आपल्याला कोंडवाडा दाखवतो. मग सरकारच्या जनावराला कोंडवाडा का नाही?

हा कायदा बदलण्याची संधी नुकतीच येऊन गेली. १७ डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले. त्याचा मुख्य हेतू वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार देशात लागू करणे हा होता; शेतकरी त्यात कुठे नव्हता. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. जयराम रमेश अध्यक्ष होते. समितीने कलमवार तपासणी करून एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. माणूस आणि वन्यप्राणी यांच्या संघर्षाचा प्रश्न शिकारीइतकाच गंभीर आहे, असे त्यात मान्य केले. राज्याराज्यांत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असावी, तिने जागेप्रमाणे उपाय सुचवावेत, पीकपद्धती बदलण्याबाबतही शिफारस करावी, अशी सूचना केली.

पीकपद्धती बदला! ऐकायला सोपे आहे. हरीण तोंड लावणार नाही असे पीक घ्यायचे, तर ते बाजारात कोण विकत घेणार? ज्या समितीत शेतकऱ्याची खुर्ची नाही, तिच्याकडून असाच सल्ला येणार.

लोकसभेने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि राज्यसभेने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयक मंजूर केले. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. ती सल्लागार समिती कायद्यात आलीच नाही. कायद्याच्या मथळ्यात मात्र 'संरक्षणा'च्या जोडीला 'व्यवस्थापन' हा शब्द आला. हा शब्द आपण घट्ट धरला पाहिजे. व्यवस्थापन म्हणजे नुसती बंदी नव्हे. किती आहेत, किती असावेत, जास्त झाले तर काय करायचे आणि खर्च कोणी सोसायचा, या चार प्रश्नांना उत्तर म्हणजे व्यवस्थापन.

हे प्रश्न दुसरीकडे कसे विचारले जातात, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडचे उदाहरण घेऊ. तिथे लांडगे कधीच संपले. हरणांना खाणारे मोठे जनावर उरले नाही. एका स्वतंत्र अभ्यासगटाने २०२० साली तिथली रानटी हरणे दहा लाखांपर्यंत असावीत असा अंदाज दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेत निसर्ग संवर्धनाचे आणि हरीण व्यवस्थापनाचे विधेयक आले आणि ग्रामीण कामकाज समितीने त्याची तपासणी केली. भांडण आपल्या उलटे होते. झाडोरा पुन्हा वाढावा म्हणून हरणे कमी करा, असे जमीनमालकाला सांगण्याचा अधिकार सरकारी संस्थेला किती द्यावा, हा वाद. शिकारीवर उत्पन्न मिळवणारे जमीनदार एका बाजूला, जंगल वाढवू पाहणारे दुसऱ्या बाजूला.

तिथे जिवंत रानटी हरीण कोणाच्याच मालकीचे नसते. मारण्याचा हक्क जमिनीबरोबर जातो आणि मांस विकता येते. पिकाचे गंभीर नुकसान होईल असे मानायला सबळ कारण असेल, तर जमीन कसणाऱ्याला बंदीच्या मोसमातही, अटींसह, हरीण मारता येते. हे तिथल्या १९९६ च्या कायद्यात लिहिलेले आहे. तिकडची बंदूक इकडे आणा, असे मी म्हणत नाही. तिथला कायदा पीक कसणाऱ्याचा हक्क मान्य करून पुढे जातो, एवढेच ध्यानात घ्या.

नुसत्या बंदुकीने काय होते ते बिहारमध्ये दिसले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने तिथल्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात रोही मारले गेले आणि दोन केंद्रीय मंत्र्यांचे जाहीर भांडण जुंपले. देशभर चर्चा झाली ती गोळ्यांची. त्याआधी तिथल्या शेतकऱ्यांचे किती हंगाम बुडाले, हे कोणी विचारले नाही.

म्हणून आपली मागणी चार ओळींची आहे. कलम ११ च्या अर्जाला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर. जंगलाबाहेरच्या शेतशिवारातल्या कळपांची मोजणी. जनावर सरकारचे, तर नुकसान बाजारभावाने पूर्ण भरून. आणि जिथे निर्णय होतो तिथे शेतकऱ्याची खुर्ची. ही दया नाही. ही आपली येणे बाकी आहे.

एक दार सध्या किलकिले झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल. पण कोणती जनावरे आणि कोणते जिल्हे, हे राज्याने जाहीर करायचे आहे, आणि नुकसान ७२ तासांत फोटोसह कळवायचे आहे. आपला जिल्हा आणि आपली जनावरे त्या यादीत आहेत का, हे विचारायला कृषी कार्यालयात पहिल्यांदा आपणच गेले पाहिजे.

शेवटचे काम सांगतो. गावात एक वही घाला. तारीख, गट नंबर, पीक, किती गुंठे गेले, कोणते जनावर, अर्ज कधी दिला, पोच मिळाली का, एवढेच लिहा. वर्षअखेर ग्रामसभेत ती वही वाचून ठराव करा. पुढच्या वेळी एखादी समिती कायदा तपासायला बसेल तेव्हा जंगलखात्याचे कागद तिच्यासमोर असतीलच. त्यांच्या शेजारी आपल्या वह्या पडल्या पाहिजेत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे.