सांधेदुखी: घरगुती उपायांची कसोटी

कुंभकोणम् आणि सगळ्या कावेरीकाठी सांधे धरले की मुडक्कत्तानचा पाला वाटून डोशाच्या पिठात घालतात. ही वेल म्हणजे आपली कपाळफोडी. आठवड्यातून एकदा कोमट तिळाच्या तेलाने अंग चोळून ऊन पाण्याने नाहायचे, हीही तिथली जुनी रीत. असे उपाय डोळे मिटून घ्यावेत की टाकून द्यावेत? दोन्ही नको, ते पारखून घ्यावेत. कुंभकोणम्‌पासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरात, 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी हेच केले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदले. तिथल्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. औषध कोणत्या परंपरेचे, यापेक्षा रोग्याला गुण आला का, हा प्रश्न मोठा.

ही कसोटी गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताला लावली, तर पहिला मान कुठल्याच पाल्याला मिळत नाही. तो व्यायामाला आणि वजन आटोक्यात ठेवण्याला मिळतो. वजन एक किलोने उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे स्थूल रुग्णांच्या अभ्यासात दिसले आहे. चालल्याने गुडघा आणखी झिजेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण सांधा निजवून ठेवला की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सगळा भार सांध्यावरच येतो. म्हणून खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, तो थोडा वेळ तसाच धरणे, येथून सुरुवात करावी आणि चालणे बेताबेताने वाढवावे. शेक आणि कोमट तेलाचे मालीश यांनी आखडलेपण सैल होते, व्यायाम सोपा जातो. झीज मात्र त्यांनी भरून येत नाही.

मग वनौषधींचे काय? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या मिश्रणांची तुलना प्रचलित औषधांशी केली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गुडघेदुखीवर त्यांचा गुण सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधाच्या तोडीचा ठरला. मात्र काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक घटक वाढलेला आढळला. म्हणजे वनस्पतीत बळ आहे, आणि बळ आहे म्हणूनच तिच्याबाबत सावधपणाही हवा. वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात, म्हणून झाडपाला बरा, असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा खरा आहे. पण त्यावरून कागदाच्या पुडीतली बिननावाची पूड निर्धोक ठरत नाही. अशा पुडींत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सकाळी बोटे तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे घरगुती उपायांत महिने घालवू नका. सांध्यांची हानी सुरुवातीच्या काळातच होते, आणि वेळेवर औषध मिळाले तर ती रोखता येते. पाला पानात जरूर वाढा, तेलही लावा. पण रोज चाला, आणि काय घेतले, किती गुण आला, हे वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा.