छायाचित्रकाराचा हिवाळा
(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात नवी मुंबई येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या व्याख्यानासाठी आम्हांस पाचारण केले तेव्हा प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर वकील, प्राध्यापक आणि लोकप्रतिनिधी बोलले. आमचे आयुष्य मात्र व्यासपीठासमोर खाली गुडघे टेकून वक्त्यांची छायाचित्रे घेण्यात गेले. समोरच्या रांगेतील कितीतरी मंडळींच्या हळदी-लग्नांत आम्ही वावरलो आहोत. परंतु आमचा आवाज त्यांनी बहुधा आजच प्रथम ऐकला असेल. तथापि चिटणीसांनी आग्रह धरला की, हिवाळ्यात आपण कॅमेरा घेऊन जी भ्रमंती करता तिजविषयी दोन शब्द सांगावेत. त्या आज्ञेस मान देऊन उभे आहोत.

विषयाला निमित्त घडले ते आमच्या पुतण्याचे. तोही याच व्यवसायात आहे. मागल्या हिवाळ्यात तो काश्मीरमधील गुलमर्ग येथे गेला होता. दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यावयाचे, असा स्नोबोर्डिंग नावाचा एक खेळ आहे. १९९८ साली जपानातील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला, आणि आपल्याकडे २०२० सालापासून गुलमर्गला भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतही तो खेळला जातो. या खेळाची छायाचित्रे घेणारे काही लोक सबंध हिवाळा रस्त्यावरच असतात. जेथे बर्फ पडले तेथे धावावयाचे, मिळेल तेथे निजावयाचे, पहाटे डोंगर चढावयाचा आणि एका उडीसाठी दोन-दोन तास थंडीत उभे राहावयाचे. पुतण्या मोठ्या उत्साहाने सांगत होता, “काका, थंडीने बॅटरी तासाभरात मान टाकते, म्हणून दुसरी छातीशी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवावी लागते. बाहेरून खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच पिशवीतून काढला तर भिंगावर दव धरते.” आपण काकांस काही अपूर्व सांगत आहोत, अशी त्याची समजूत असावी. आम्हांस मात्र हसू आवरेना. बर्फ तेवढे वगळले, तर गेले तीसएक हिवाळे आम्ही याहून निराळे काय केले?

बर्फाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्राची समजूत अशी की, जगातील प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे. त्याच्यापुढे शुभ्र बर्फ धरले की ते प्रकाश कमी करून बर्फाला मळकट करून टाकते. म्हणून जाणत्याने यंत्राचे न ऐकता एक-दीड घर प्रकाश अधिक द्यावा लागतो. पुतण्या हे गुलमर्गला शिकला. आम्ही मिठागरावर शिकलो. पहिला कॅमेरा हाती आला तेव्हा हौसेने आम्ही वडिलांचे छायाचित्र मिठाच्या राशीशेजारी घेतले. धुऊन आले तेव्हा मीठ राखेसारखे आणि वडिलांचा चेहरा कोळशासारखा! वडील म्हणाले, “आमचा मीठ इतका काला कधी व्हता रे?” आगर या शब्दावरूनच आपल्या ज्ञातीचे नाव पडले असे जाणकार मानतात, त्या आगराच्या मिठाला आम्ही काळे केले, ही बोचणी पुष्कळ दिवस राहिली.

आमचा हंगाम तुळशीचे लग्न लागले की सुरू होतो आणि शिमग्यापाशी संपतो. पुढे लग्नसराई. खरे उत्पन्न हळदीचे; हिवाळा हा पदरमोडीचा. (हळदीतील कर्ण्यांनी आमचा डावा कान कायमचा बधिर केला आहे, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कृपा करून उजवीकडून विचारावेत.) भात झोडून झाले की गावोगाव खाचरांचे बांध फोडीत, ढेकळे बडवून मैदान करीत, मधोमध माती चोपून खेळपट्टी होई, आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट सुरू होई. सकाळी आठापासून दिवस मावळेपर्यंत सहा-सहा, आठ-आठ षटकांचे सामने. घणसोलीत शनिवार काढावा, रात्री उरणच्या बाजूस पोहोचावे, तेथे एखाद्या आतेबहिणीच्या पडवीत निजावे आणि पहाटे पेणकडे निघावे, असा आमचा क्रम असे. सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी एवढी शिदोरी. ज्या काळी फिल्म होती त्या काळी एका रिळात ३६ छायाचित्रे. षटकार कोण मारील हे अगोदर ओळखावे लागे. फलंदाजाचा मागला पाय हलला की आम्ही कळ दाबीत असू. आज एका सेकंदात वीस छायाचित्रे निघतात. नवे लोक पाय पाहत नाहीत.

अलिबागच्या बाजूस पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होत. त्यासाठी पंचांग पाहावे लागे. अमावास्या-पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावर मध्यान्हास उधाणाची भरती असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास दुपारी पाणी उतरते, पण भांगाचे दिवस असल्याने फार दूर जात नाही. ओली वाळू टणक असते, तीवर चाक रुतत नाही. शर्यतीची वेळ चंद्र ठरवी. आमच्या आजोबांस हे गणित बोटांवर येई.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आम्ही आजवर कोणासही सांगितलेली नाही.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला, हे सर्वांस ठाऊक आहे. ही हकीकत बंदीच्या पुष्कळ आधीची. धावत्या गाडीचे छायाचित्र घेण्याची एक रीत आहे. वेग मुद्दाम मंद ठेवावयाचा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवीत न्यावयाचा. म्हणजे चाकाच्या आऱ्या आणि मागची माणसे पुसट होतात, बैलाचा डोळा तेवढा स्पष्ट राहतो. दहांत एखादे साधते. त्या दिवशी सकाळपासून साधत नव्हते. शेवटच्या फेरीत एक जोडी अशी काही आली की आम्ही श्वास रोखला. तेवढ्यात उजवा बैल बिथरला, गाडी पट्टा सोडून लोकांकडे वळली. लोक पांगले. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभाच राहिला. चाक त्याच्या पायावरून गेले.

लोकांनी आम्हांस विचारले, मुलाच्या वडिलांनीही विचारले, “तुम्ही सर्वांत जवळ होता, ओरडला का नाही?” आम्ही सांगितले की, भिंगातून पाहत असता दिसला नाही. पुढे कोणी विचारले तरी हेच सांगत आलो. ज्ञातिबांधवहो, तो दिसला होता. भिंगाच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा पिवळा सदरा आला होता, आणि आम्ही कळ दाबली. ओरडण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आमच्यापाशी होता किंवा नव्हता, याचा हिशेब आम्ही अनेक रात्री केला. तो जुळत नाही.

ते छायाचित्र उत्कृष्ट आले. तशी कृती आमच्या हातून पुन्हा झाली नाही. मागणीही आली, पण त्याची प्रत आम्ही कोणास दिली नाही. मुलाचा पाय बसला, किंचित लंगड राहिली. काही वर्षांनी एक तरुण पारपत्राच्या छायाचित्रासाठी दुकानात आला. चालण्यावरून ओळख पटली. त्यानेच विषय काढला, “काका, तो फोटो तुमच्याकडे हाय ना?” आम्ही पाकीट काढून पुढे ठेवले. त्याने पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, “बैलाचा नाव काय व्हता?” ते आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही त्यास प्रत देऊ केली. ती त्याने घेतली नाही. खरे काय ते त्या दिवशीही आमच्या तोंडून निघाले नाही.

तेव्हापासून आम्ही दुसरा डोळा मिटीत नाही. छायाचित्रे त्यामुळे थोडी उणी येतात. पुतण्यासही तेच सांगितले आहे, कारण बर्फाच्या उतारावर खेळाडूच्या वाटेत खाली उभे राहणारा छायाचित्रकारच असतो, आणि डोंगर बैलाहून अनावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलगत हिमलोट कोसळून एका रशियन स्कीपटूचा अंत झाला. पुतण्याने मान डोलावली. तरुणपणी आम्हीही डोलावीत असू.

पुढील मुद्दा संघाच्या कामाचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादण्यात आली. ज्या खाचरांत आम्ही सामने टिपले त्यांवर आज इमारती आहेत. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे या गावांच्या जागी विमानतळ आहे. उलव्याची टेकडी छाटून सपाट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे २ नोव्हेंबरच्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आम्ही बाहेर रस्त्यावर उभे होतो. आत जाण्याचा परवाना आमच्यासारख्यांस कोठला? आतून आरोळी उठली तेव्हा आमच्याशेजारी आगरी बायकांचा एक घोळका फेर धरून नाचू लागला. आम्ही त्यांचीच छायाचित्रे घेतली आणि त्याचे आम्हांस यत्किंचितही वाईट वाटले नाही.

आमच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्हांचे सत्तावीस डबे आहेत. त्यांत मोडलेल्या गावांची मैदाने आहेत, मागे घरे, वड, देवळाचा कळस आहे. चेंडूच्या नादात ते आपोआप आले. खाडीच्या दमट, खारट हवेत फिल्मला बुरशी धरते. चार डबे हातचे गेले. बर्फात वस्तू टिकते, आमच्याकडे कुजते. गावोगावच्या इतर छायाचित्रकारांकडेही असेच डबे असतील, आणि त्यांची मुले घर आवरताना ते भंगारात घालीत असतील. संघाच्या वाचनालयाला एक कोरडे कपाट मिळाले, आणि दोन तरुण रविवारी येऊन चित्रांतील घर कोणाचे, माणूस कोण, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवतील, तर आम्ही उरलेले तेवीस डबे विनामूल्य देऊ. वृद्ध मंडळींस विचारण्याचे काम मात्र याच हिवाळ्यात झाले पाहिजे. गेल्या वर्षी आम्ही ज्यांच्याकडे जाणार होतो त्यांपैकी तिघे आता नाहीत.

पिवळ्या सदऱ्याचे ते पाकीटही त्यांतच आहे. त्यावर खरी हकीकत आम्ही स्वहस्ते लिहिली आहे. बैलाचे नाव कोणास ठाऊक असल्यास त्यांनी कळवावे. तेवढी जागा कोरी ठेवली आहे.