बहिणीला माहेरी नेण्याआधी
(छत्रपती संभाजीनगर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बोंडअळीवर मी तासभर बोलू शकतो. पण आज बोलायचंय ते धनी अचानक गेलेल्या बहिणीबद्दल.

तेरावं झालं की भाऊ लुगडं घेऊन येतो. म्हणतो, ‘बाई, चल माहेरी.’ माया खरी, खोट नाही. पण ती एसटीत बसली की इकडे तिचं रान दीर पेरतो. दोन वर्षांनी तीच बहीण भावजयीच्या घरात परकी.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीचा वाटा आहे. पुन्हा लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. मात्र वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी लागते. सात-बारावर नाव नाही, तर पीककर्ज कुठलं?

आत्महत्येच्या प्रकरणात 2006 च्या निर्णयानं लाखाची मदत ठरली, तीही ‘पात्र’ ठरलं तर. लाखाला पुरून उरतं ते रान.

1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी जिवंतपणीच बायकोच्या नावे जमीन केली. इथं किती जणांनी केली? हात वर करू नका, बायका शेजारीच बसल्यात!

दोघी बहिणी सावडीनं पेरू शकतात. थोडी ज्वारी ठेवा. कापूस बुडाला तरी घरात दाणा, गोठ्यात कडबा राहतो.

आणि भाऊ, लुगड्याआधी मृत्यूचा दाखला काढ. तिच्यासोबत तलाठ्याकडे जा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.