पांढऱ्यातला निळा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रंगांविषयी आणि आमच्या अलीकडच्या चित्रांविषयी चार शब्द बोलावेत, असा समितीचा आग्रह पडला. आम्ही ब्रशवाले, बोलणारे नव्हे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आमची सुरुवात पाट्या रंगवण्यापासून झाली, हे वस्तीतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. 14 एप्रिल जवळ आला की रात्र-रात्र जागून कापडी फलक करायचे. बाबासाहेबांचा कोट निळा, झेंडा निळा, अक्षरंही निळी. एका डब्यातला एकच निळा सगळीकडे! पुढे फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. हात रिकामे झाले तेव्हा कॅनव्हास धरला. खरं सांगायचं तर रंगाकडे नीट पाहायला आम्ही तेव्हा शिकलो.

त्याच सुमारास अजिंठ्याला गेलो. लेण्यांतले बहुतेक रंग साधे आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा मात्र परका. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. पाचव्या शतकात हजार मैलांहून लांबून तो इथवर आला, कुणीतरी तो कुटला, वाटला आणि अंधाऱ्या लेण्यात भिंतीवर लावला. डबाभर निळा फासणारे आम्ही तिथे गपगार झालो.

आता अलीकडच्या चित्रांविषयी. 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेवर आम्ही चार कॅनव्हास केले. त्यात रंग एकच, पांढरा. आपल्या वस्तीतल्या एक आजी त्या दिवशी मायसोबत नागपूरला होत्या, तेव्हा तेरा वर्षांच्या. त्यांनी सांगितलं, तसं आम्ही काढत गेलो. मायचं लुगडं रंगवताना पांढऱ्यात करडा मिसळला, थोडा तपकिरीही. गरिबी दिसावी, प्रवासाची धूळ दिसावी, असा हिशेब. शहरातल्या एका प्रदर्शनात या चित्राचं कौतुकही झालं, आणि आम्ही जरा फुगलो, हेही कबूल करतो.

मग आजींना चित्र दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माही माय मयकं लुगडं नेसून गेली नोती रे बाबू."

चहा तसाच ठेवून आम्ही निघून आलो. नंतर त्यांच्याकडूनच कळलं. लुगडं एकच होतं, जुनं. मायनं ते विहिरीवर दोनदा धुतलं, दुकानातून उधारीवर नीळ आणली, त्यात बुचकळलं आणि रात्रभर वाळत घातलं. सकाळी ते दिसलं, तसं पुन्हा कधी दिसलं नाही म्हणे.

त्यानंतर दोन महिने आम्ही त्या एका लुगड्याशी झटत होतो. ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट नुसता लावला तर खडूसारखा मेलेला दिसे. शेवटी सुईच्या टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन त्यात घातला, आणि कापड उजळलं. यात जादू नाही. जुन्या कापडात पिवळट झाक असते, निळा ती मारतो, आणि डोळ्याला पांढरं शुभ्र दिसतं. आपल्या आयाबायांना हे आमच्या आधीपासून माहीत होतं!

आणखी एक गंमत. पूर्वीपासून मिळणाऱ्या निळीच्या पुडीत बहुधा कारखान्यातला अल्ट्रामरीनच असतो. 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये तो बनवण्याची रीत सापडली. रसायन म्हणून पाहिलं तर तो लाजवर्दाच्याच जातीचा. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरचा निळा आणि मायच्या बादलीतला निळा हे भाऊबंदच म्हणायचे.

ते चित्र आज मागच्या भिंतीला लावलं आहे. आजी पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी ते अजून पाहिलेलं नाही. भाषण संपलं की आधी त्यांना जाऊ द्या. आणि तेलरंग अजून ओला आहे, तेवढं पोरांना हात लावू देऊ नका.

जयभीम!